टेबलाखालचा गडी

उंची तीन बोटं, रुंदी पायाच्या चवड्याएवढी. अंगावर फिकट हिरव्या हॅमरटोन रंगाचा जाड थर, पाठीवर खाचांचं काळं रबर, बुडाला चार रबरी बुटके पाय आणि मागून निघालेली एक काळी वायर. उचलून बघा, मनगट खाली जातं. अंग ओतीव लोखंडाचं आहे. वरच्या झाकणाखाली एक स्प्रिंग आणि एक मायक्रोस्विच, एवढाच त्याचा संसार. पाय ठेवला की 'टक', उचलला की पुन्हा 'टक'. याखेरीज त्याला काही बोलता येत नाही.

वरोऱ्यातल्या माझ्या खोलीत येणारा प्रत्येक जण टेबलावरच्या रेडिओकडे बघतो. त्याच्यावर दिवे आहेत, पळणारे आकडे आहेत, मोठी गुळगुळीत फिरकी आहे. टेबलाखालच्या फूट स्विचची चौकशी कोणी करत नाही. आमच्या विदर्भात शेतीचा सगळा भार ज्याच्या खांद्यावर असतो तो गडी पाहुण्यांना ओसरीवर क्वचितच दिसतो; याचंही तसंच आहे. रेडिओबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी याच्याबद्दल लिहितो.

हौशी रेडिओ, म्हणजे हॅम रेडिओ, हा परवान्याचा छंद आहे. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यायची, पास झालं की परवान्याबरोबर 'व्हीयू'ने सुरू होणारं स्वतःचं कॉलसाइन मिळतं, आणि मग ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवर देशोदेशीच्या परवानाधारकांशी बोलता येतं. फोनवर दोघं एकाच वेळी बोलू-ऐकू शकतात. आमचा रेडिओ एक तर ऐकतो, नाही तर बोलतो. ऐकण्यावरून बोलण्यावर यायला एक बटण दाबून धरावं लागतं, त्याला आम्ही पीटीटी म्हणतो. हातातल्या माइकवर ते अंगठ्याखाली असतं. फूट स्विच म्हणजे तेच बटण पायाखाली आणलेलं. रिगच्या, म्हणजे रेडिओ सेटच्या, पाठीमागून किंवा माइकच्या सॉकेटमधून दोन तारा येतात. पाय पडला की त्या जुळतात आणि रिग बोलायला लागतो. पाय उठला की सुटतात आणि रिग ऐकायला लागतो.

यात हात कुठेच येत नाहीत, आणि फूट स्विचचं सगळं मोल तिथेच आहे. डोक्यावर हेडफोन, तोंडापुढे बूम माइक, डावा हात फिरकीवर, उजव्या हातात पेन. ज्याने रेडिओवरून संदेश उतरवून घेतले आहेत त्याला या उजव्या हाताची किंमत ठाऊक असते. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओतर्फे भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरला स्टेशन चालवायला गेल्या होत्या. अंदमानातून वर्षानुवर्षं हॅमचा आवाज आला नव्हता, त्यामुळे जगभरचे हॅम त्यांच्याशी दोन शब्द बोलायला धडपडत होते. २६ तारखेला त्सुनामी आली आणि तेच स्टेशन बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचवू लागलं. अशा वेळी बोलणं सोपं, लिहिणं अवघड. नाव, गाव, कोण सुखरूप आहे, कुणाला कळवायचं, फोन नंबर काय; एक अक्षर चुकलं तर निरोप भलत्याच घरी जातो. एका हातात माइक धरून, मांडीवर वही सांभाळत हे काम तासन्‌तास नीट होत नाही. वर्धेला पूर आला की वरोरा-वणी रस्ता पाटाळ्याच्या पुलाशी बंद पडतो, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. रस्ता, वीज आणि मोबाइलचा टॉवर एकाच दिवशी गेले तर बॅटरीवर चालणारा रेडिओ आणि लिहायला मोकळा हात, दोन्ही लागतील.

हात मोकळे ठेवायचा दुसरा मार्ग म्हणजे व्हॉक्स. माइकवर आवाज पडला की रिग आपोआप बोलण्यावर जातो, आवाज थांबला की परत येतो. थंड देशांतल्या बंद, शांत खोलीत तो चांगला चालत असेल. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि घराघरात डेझर्ट कूलर दिवसरात्र घरघरतो. व्हॉक्सला कूलरचा पंखा आणि माणसाचा गळा यातला फरक कळत नाही. त्याची संवेदना कमी करावी तर आपलाच हलका शब्द त्याला ऐकू येत नाही. वाढवावी तर स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी लंकेपर्यंत ऐकवतो. शिवाय तो जागा व्हायला क्षणभर लागतो आणि त्या क्षणात पहिलं अक्षर गळतं. कॉलसाइन सांगताना 'व्ही' अक्षरासाठी म्हणायच्या 'व्हिक्टर'मधला 'व्हि' गेला तर पलीकडचा माणूस पुन्हा विचारणार. पायाचा स्विच वापरणारा आधी पाय टेकवतो, मग श्वास घेतो, मग बोलतो. अक्षर गळत नाही, आणि काय पाठवायचं ते माणूस ठरवतो, खोलीतला आवाज नाही. मी या बाबतीत उघड पक्षपाती आहे.

फूट स्विचचं गोत मोठं आहे आणि त्याला निवडताना ते ओळखून घ्यावं लागतं. घरात सर्वांत जवळचा दिसणारा नातलग म्हणजे शिलाई मशीनच्या मोटरचं पायडल. ते हाताशी असतं, दणकट असतं, पायाला सवयीचंही असतं, म्हणून नव्या हॅमला त्याचा मोह होतो. तो टाळावा. त्या पायडलच्या पोटात चालू-बंदचा स्विच नसतो, मोटरचा वेग कमी-जास्त करणारा रोध असतो आणि त्यातून घरातली २३० व्होल्टची वीज खेळते. दुसरा नातलग इलेक्ट्रॉनिक की-बोर्डचं सस्टेन पायडल. ते चालतं. पण त्यातली काही सैल असताना जोडलेली आणि दाबल्यावर तुटणारी असतात, ती घेतली तर पाय उचलल्यावर रिग बोलत राहील. हलक्या प्लास्टिकचं असलं तर फरशीवर सरकत टेबलाच्या मागच्या भिंतीपर्यंत जातं आणि बोलणारा पायाने त्याला शोधत बसतो. तिसरा, गिटारवाल्यांचं गोल बटण. त्यातली बहुतेक एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद, या जातीची. ती तर घरातही आणू नयेत. का, ते पुढे येईल.

खरा सख्खा भाऊ सापडतो तो फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये. स्पॉट वेल्डिंगचं मशीन, पत्रा कापायचं आणि वाकवायचं मशीन, पिशव्या सील करायचं मशीन, या सगळ्यांच्या पायाशी ओतीव अंगाचा फूट स्विच असतो. तिथे त्याच्यावर बुटाचे पाय पडतात, लोखंडाचा कीस पडतो, तेल सांडतं, कधी अख्खी प्लेट आदळते. वरोऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये मी हा स्विच कसा पारखायचा ते विचारलं. प्रेसवर काम करणाऱ्या कारागिराने मजबुती, कंपनी, किंमत यातलं काहीही सांगितलं नाही. तो म्हणाला, "भाऊ, पाय उचलला का मशीन थांबलीच पाहिजे, नाही तं बोट जाते."

फूट स्विचच्या टिकाऊपणाची याहून चांगली व्याख्या मला सापडलेली नाही. दाबल्यावर सगळेच दाबले जातात. सोडल्यावर जो हटकून सुटतो तो चांगला, आणि म्हातारा होऊन निकामी झाला तरी सुटलेल्या अवस्थेत निकामी होतो तो उत्तम. शेडमध्ये बोट जातं. रेडिओत काय जातं ते थोडं सांगतो.

समजा तुमचा स्विच चिकटून बसला. तुम्ही पाय उचललात, तुमच्या मते बोलणं संपलं, तुम्ही उत्तराची वाट बघता. रिग मात्र अजून बोलण्याच्या बाजूला आहे. तुमच्या खोलीतला कूलर, घरातलं बोलणं, सगळं त्या फ्रिक्वेन्सीवर चाललं आहे. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एफएमवर असाल तर तुम्ही गप्प असतानाही पूर्ण ताकदीची लहर सुटत राहते, रिगचा शेवटचा टप्पा तापत जातो, आणि रिपीटर, म्हणजे ऐकलेलं पुन्हा दूरवर पाठवणारं स्टेशन, असेल तर तो अडून बसतो. ऐकणारे वैतागतात, पण तुम्हाला सांगू शकत नाहीत, कारण बोलणारा रिग बहिरा असतो. आणीबाणीच्या दिवशी कोणाचा तरी निरोप तुमच्या चिकटलेल्या स्विचमुळे अडतो. म्हणूनच एकदा दाबून चालू राहणारी बटणं मला घरात नकोत. अनेक रिगमध्ये ठराविक मिनिटांनी बोलणं आपोआप तोडायची सोय असते. ती चालू ठेवावी. पण पहिली जबाबदारी टेबलाखालच्या स्प्रिंगची.

आता तो मोडतो कुठे? विकणारे मायक्रोस्विचचं आयुष्य सांगतात, दहा लाख दाब किंवा त्याहून जास्त. त्या आकड्याला भुलायचं कारण नाही आणि भ्यायचंही नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी हॅमची आवाजावरची मोठी जागतिक स्पर्धा असते, ४८ तासांची. तासाला शंभर संपर्क आणि प्रत्येकाला दोन दाब धरले, आणि माणूस न झोपता बसला असं मानलं, तरी सगळे मिळून ९,६०० दाब होतात. दहा लाखांत अशा शंभरावर स्पर्धा बसतात. मायक्रोस्विच तुमच्या नातवाच्या हाती जाईल.

जातं ते वायरचं तोंड. स्विचच्या अंगातून वायर जिथे बाहेर पडते तिथे खुर्चीची चाकं, झाडणं-पुसणं आणि पायाची चाळवाचाळव तिला रोज वाकवतात, आणि आतले बारीक तांब्याचे धागे एकेक करून तुटतात. बाहेरून वायर धडधाकट दिसते. लक्षण असं की अर्धं वाक्य जातं आणि अर्धं गळतं. म्हणून स्विच घेताना त्या भोकाशी धातूचं किंवा रबराचं ग्लँड आहे का, वायर आत पकडून ठेवली आहे का, ते आधी बघावं. दुसऱ्या टोकाला नाजूक साडेतीन मिलिमीटरचा प्लग असेल तर तो रिगमध्ये थेट न खुपसता मध्ये एक छोटी डबी ठेवून तिच्यात जाड सॉकेट बसवावं. पाय अडकून वायर ओढली गेली तर डबी टेबलावरून पडेल, रिगचं सॉकेट वाचेल.

त्यानंतर इथली माती. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक भुकटी उडते, कोळशाच्या खाणींच्या आणि वीज केंद्रांच्या मुलखात तिच्यात काजळी आणि राख मिसळते. टेबलाखाली सगळं साठतं. पावसाळ्यात मुंग्या कोरडी, अंधारी, उबदार जागा शोधतात आणि उघड्या अंगाचा स्विच त्यांना घर म्हणून पसंत पडतो. दोन संपर्कांच्या मध्ये एक मुंगी चेंगरली तरी स्विच जुळत नाही. म्हणून आतला मायक्रोस्विच बंद पेटीतला हवा. आयपी ६५ असं लिहिलेलं असेल तर धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवाराही सोसतो असा त्याचा अर्थ. फरशी पुसणाऱ्या घरात तेवढं पुरतं.

एक गोष्ट शेडमधल्या भावाकडून घेताना सांभाळायची. तो मोठ्या विजेला सरावलेला असतो. १० अँपिअर पेलणाऱ्या चांदीच्या संपर्कांवर हवेतल्या गंधकामुळे काळसर थर चढतो. मोठा प्रवाह असला की प्रत्येक दाबाला उडणारी बारीक ठिणगी तो थर जाळून टाकते. आजच्या रिगची पीटीटीची तार काही मिलिअँपिअरवर चालते. तेवढ्यात ठिणगी नाही, थर जळत नाही, आणि हा दणकट गडी वर्षा-दोन वर्षांनी कधी जुळतो, कधी जुळत नाही. दोष त्याचा नसतो, त्याला त्याच्या ताकदीचं काम मिळालेलं नसतं. उपाय सोपा आहे. अंग, झाकण आणि स्प्रिंग तसंच ठेवायचं आणि आतला मायक्रोस्विच बदलून कमी प्रवाहासाठीचा, सोन्याचा मुलामा दिलेल्या संपर्कांचा बसवायचा. उलट कुणी जुन्या व्हॉल्व्हच्या सेटचा रिले थेट पायाने चालवत असेल तर चांदीचाच ठेवावा आणि रिलेच्या गुंडाळीवर एक डायोड उलटा लावावा, म्हणजे सुटताना येणारा झटका संपर्कांना जाळत नाही.

आपण घरात अनवाणी बसतो. परदेशी पुस्तकं हे धरून चालत नाहीत. लोखंडी अंगाचा स्विच, त्याला जोडलेली वायरची जाळी, ती जाळी रिगच्या अंगाला, आणि अँटेना जर टोकाकडून जोडलेली लांब तार असेल व तिची रिगशी नीट जुळणी झालेली नसेल, तर बोलताना लहर परत खोलीत येते आणि अनवाण्या तळव्याला चावा घेते. जीवावरचं नसतं, पण पाय झटकन उचलला जातो आणि वाक्य तिथेच तुटतं. अँटेना आणि अर्थिंग सुधारणं हाच खरा इलाज. तोवर वायर फेराइटच्या कड्यातून दोन-तीन वेढे घेऊन न्यावी आणि पायडलवर जाड रबर चिकटवावं. रबरामुळे लोखंडाची कडही टोचत नाही.

आणि वरोऱ्यात बसून पायाच्या बटणाचा विचार करायचा आणि आनंदवन आठवायचं नाही, हे होत नाही. बाबा आमटे आणि साधनाताईंनी आनंदवन चालवणारी महारोगी सेवा समिती १९४९ साली इथेच उभी केली. कुष्ठरोगाने ज्यांची बोटं आखडली वा झडली अशा माणसांनी तिथे जमीन फोडली, विहिरी खणल्या, माग चालवले. माइकचं बटण ज्या अंगठ्याला दाबता येत नाही त्या माणसाला रेडिओ देणारी वस्तू हीच, असं पटकन वाटतं. पण तो रोग हातांच्या नसांबरोबर पायांच्याही नसा मारतो. तळव्याची संवेदना जाते. मग स्विच दाबला गेला की नाही ते पायाला कळत नाही, आणि धारदार कडेने जखम झाली तर तीही कळत नाही. अशा पायासाठी स्विचचा 'टक' हा आवाज स्पष्ट हवा, कानाने कळणारा. वरचं रबर कुष्ठरुग्णांच्या चपलांना वापरतात त्या मऊ मायक्रोसेल्युलर जातीचं हवं.

काहींच्या बाबतीत गुडघ्याशेजारची नस गेल्यामुळे चवडा वर उचलताच येत नाही, पाऊल लोंबतं. त्यांना स्विच दाबता येईल, सोडता येणार नाही. तिथे स्प्रिंग एवढी कडक हवी की पावलाचं वजन ती स्वतः वर ढकलेल. किंवा मांडी बाहेर सरकवून दाबायचा गुडघ्याचा स्विच टेबलाच्या पायाला बसवावा. दोन तारांना पाय आहे की गुडघा आहे की कोपर, याने फरक पडत नाही. हात किंवा पाय साथ देत नसलेल्या माणसाला हॅमचा परवाना घ्यायला सांगताना बरोबर त्याच्या शरीराला साजेसा स्विचही करून द्यावा, असं मला मनापासून वाटतं. हे काम गावातला कोणताही वेल्डर आणि कोणताही रेडिओ मेकॅनिक मिळून एका दुपारी करू शकतो.

धडधाकट पायांनाही थोडा विचार लागतो. उंच पायडल घेतलं तर टाच जमिनीवर राहून चवडा हवेत धरावा लागतो आणि तासाभरात नडगीच्या पुढचा स्नायू भरून येतो. टाच टेकलेली असताना चवडा सहज पडेल इतकं बुटकं, पाऊलभर रुंद झाकणाचं पायडल बरं. स्प्रिंग फार मऊ नको, नाही तर विसावलेला पायच रिग चालू करतो. कारखान्यातल्या स्विचवर वरून पत्र्याचं टोप असतं, चुकून पाय पडू नये म्हणून. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर ते ठेवावं. नसेल तर काढून टाकावं, अनवाण्या पायाच्या बोटांना ते लागतं.

विकत घ्यायला चंद्रपूर किंवा नागपूर गाठावं लागेल. नागपुरात इतवारीच्या हार्डवेअरमध्ये कारखान्याचा मिळेल, सीताबर्डीला आतला मायक्रोस्विच. हजारो रुपयांचा रिग घेणारे या वस्तूवर हात आखडतात आणि मग जे मिळेल ते पायाखाली ठेवतात. नव्या हॅमना माझी विनंती आहे, जाताना खिशात मल्टिमीटर ठेवा. बजरवर लावा, दोन टोकं स्विचच्या तारांना धरा, चप्पल काढून पाय ठेवा. मध्यावर दाबा, मग चारी कोपऱ्यांवर दाबा, दाबून धरून वायर तिच्या तोंडाशी हलवून बघा. बजर तुटता कामा नये. शेवटी पाय अगदी सावकाश, केसाकेसाने उचला. बजर एका जागी, एकदाच, चटकन थांबला तर पैसे द्या. रेंगाळला, थरथरला किंवा पाय निघाल्यावरही वाजत राहिला, तर तो स्विच कितीही जड आणि कितीही नावाजलेला असला तरी दुकानातच ठेवून या.